पिलांना जपणारा केसाळ ड्रॅगन : पार्श्वभूमी

अंगभर मऊ लव असलेला आणि अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांना मायेने सांभाळणारा ड्रॅगन मुलांच्या चित्रांत आणि खेळण्यांत आता सर्रास दिसतो. युरोपीय कथांतला जुना ड्रॅगन सोन्यावर पहारा देई, तर चिनी परंपरेतला पाऊस आणी. कोकणात ड्रॅगन नव्हता. पण गुप्तधनावरचा नाग होता आणि गावाला सांभाळणारा राखणदारही होता, त्यामुळे भयावह रूप आणि राखणीचा स्वभाव एकत्र असणे येथील वाचकाला परके वाटू नये. या राखणीत अंडी आणि पिले कशी आली, हे समजण्यासाठी मात्र गेल्या शतकातील जीवाश्मांकडे वळावे लागते.

1923 साली मंगोलियातील गोबी वाळवंटात अंड्यांच्या घरट्याजवळ चोच असलेल्या एका लहान डायनासोरचा सांगाडा सापडला. अंडी दुसऱ्याच जातीची आहेत असे गृहीत धरून 1924 मध्ये त्याला ओविरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, असे नाव देण्यात आले. हे नाव प्राण्याच्या स्वभावाविषयी दिशाभूल करणारे ठरू शकेल, असे नाव देणाऱ्यानेच लिहून ठेवले होते, तरीही पुढे सुमारे सत्तर वर्षे तो चोर म्हणूनच रंगवला गेला. 1990च्या दशकात तशाच अंड्यात त्याच्याच कुळातील गर्भ मिळाला आणि त्यापाठोपाठ खुडूक कोंबडीसारखा, पुढील हात अंड्यांभोवती पसरून घरट्यावर बसलेला एक सांगाडा प्रसिद्ध झाला. नाव मात्र बदलले नाही, कारण समजूत चुकीची ठरली तरी प्रथम दिलेले नाव कायम ठेवावे, असा प्राणिनामकरणाचा नियम आहे. नावे सतत बदलत राहिली तर शास्त्रीय लेखनात गोंधळ माजेल, हे मान्य करावे लागते. परंतु जो प्राणी घरट्यावर बसलेल्या स्थितीतच गाडला गेला, त्याच्या कुळावर चोरीचा शिक्का राहणे अन्यायाचेच आहे, आणि निदान मुलांच्या पुस्तकांत या नावासोबत खुलासा छापला गेलाच पाहिजे. घरट्यावर बसणारी मादी नसून नर असावा, असे 2008 मध्ये मांडले गेले; त्यावर एकमत झालेले नाही.

लव ही तर कल्पनाच, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अंगावर केसांसारखे आवरण असलेल्या उडत्या सरीसृपाचे वर्णन 1971 मध्येच झाले होते आणि 1996 मध्ये चीनमधून लवदार डायनासोरही जगासमोर आला.

असाच गैरसमज मगरीच्याही वाट्याला आला. चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि खेडच्या जगबुडीत राहणारी मगर अंड्यांतील पिलांचा आवाज ऐकून घरटे उकरते आणि पिलांना जबड्यात धरून पाण्यात नेते. पाहणाऱ्याला ती आपलीच पिले खात आहे असे वाटते. नरही पिलांना असे नेतो, हे पाळलेल्या मगरींच्या निरीक्षणांतून दिसून आले आहे.

समुद्री कासवाची गोष्ट वेगळी आहे. ऑलिव्ह रिडलेची मादी वाळूत शंभरेक अंडी घालून परतते आणि पिलांकडे पुन्हा येत नाही. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर पूर्वी ही अंडी काढून नेली जात. 2002 पासून तेथे संरक्षणाचे काम सुरू झाले आणि किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेले गावकरीच पहाटे घरटी शोधू लागले. ती अंडी कुंपणात हलवावीत की जागीच ठेवावीत, हा वाद आजही आहे, कारण वाळूच्या तापमानावर पिलू नर होणार की मादी हे ठरते. कुत्री आणि कोल्हे फिरतात त्या किनाऱ्यावर हलवण्याला पर्याय नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र अंडी घातल्यापासून काही तासांतच, त्यांची वरची बाजू वरच ठेवून आणि मूळ खड्ड्याइतकाच खोल खड्डा करून ती हलवली पाहिजेत, कारण उशीर झाल्यास धक्क्याने आतील गर्भ मरतो.