ऑडिटमधल्या प्रश्नाची तालीम

लेखापालाचा संबंध फक्त आकड्यांशी येतो, हा समज अर्धाच खरा आहे. लेखापरीक्षणाच्या 'एसए ५००' या मानकात जाणकार व्यक्तीकडे चौकशी करणे ही पुरावा मिळवण्याची एक रीत मानली आहे; मात्र नुसत्या चौकशीवर सहसा भागत नाही, असेही तेथे बजावले आहे. म्हणजे आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची प्रत्यक्ष कामातली उमेदवारी) करणाऱ्या विशीतल्या मुलीला गोदामात उभे राहून वडिलांच्या वयाच्या स्टोअरकीपरला विचारावे लागते, "काका, रजिस्टरला ४१२ पोती आहेत, मोजणीत ३९६ भरली, मधली सोळा कुठे गेली?" आणि उत्तर मिळाले तरी त्याला आधार म्हणून माल गेल्याची पावती, म्हणजे चलनही मागावे लागते. प्रश्नाला आरोपाचा वास आला की समोरचा माणूस गप्प होतो, आणि गुळमुळीत विचारले तर 'नंतर बघू' ऐकून परतावे लागते.

व्यावसायिक लेखापालांसाठीच्या 'आयईएस ३' या आंतरराष्ट्रीय शिक्षण मानकात परस्परसंवादाचे कौशल्य म्हणूनच आवश्यक धरले आहे. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे यासाठी वेगळे प्रशिक्षणवर्ग आहेत आणि कोविडच्या काळात ते ऑनलाइनही झाले. पण संवाद कसा करावा यावर पडद्यावरून व्याख्यान देणे म्हणजे काठावर बसवून पोहणे शिकवणे होय.

ऑनलाइन साधनांचा खरा उपयोग तालमीसाठी आहे. विद्यार्थ्याने निवडलेल्या प्रश्नानुसार पुढचे उत्तर बदलत जाणारा प्रसंग संगणकावर रचता येतो, आणि तेथे चुकल्याने कोणताही क्लायंट दुखावत नाही. त्याहून मोलाचे म्हणजे ध्वनिचित्रमुद्रण: उत्तर पुरे होण्याआधीच आपण पुढचा प्रश्न रेटला, हे शिक्षकाने सांगून पटत नाही, पण स्वतः पाहिले की लगेच पटते.

थेट व्हिडिओ कॉलवरच्या तालमीत अडचण वेळेची आहे. दहा भाषांमधील संभाषणांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली, तीत प्रश्न आणि उत्तर यांमधले अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद आढळले. दूरध्वनीच्या तांत्रिक निकषांनुसार आवाज एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंद लागले तरी चालतात. जाऊन येऊन हेच ३०० होतात. त्यामुळे स्टोअरकीपर खरोखर अडखळला की नेटवर्क अडखळले, हे पडद्यावर सांगता येत नाही. ही पारख मात्र प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी, सीनियरच्या शेजारी उभे राहूनच शिकावी लागते.