मंडईची दुरुस्ती: दगडाआधी धंद्याचा इतिहास

पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या जतनाचा विषय निघाला की बोलणे मनोऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पण ही वास्तू उभी राहिली ती भाजीसाठी.

त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने बंदिस्त बाजार बांधायचे ठरवले, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, हे त्यांचे म्हणणे. बांधकाम झालेच. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत बाजार सुरू झाला आणि गव्हर्नरच्या नावावरून त्याला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. नगरपालिकेची कचेरीही एके काळी इथेच, वरच्या मजल्यावर होती. भाजी घेता घेता गावचे राजकारण कानावर पडे. ‘मंडई विद्यापीठ’ हे नाव काही उगाच पडले नाही.

मग घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. पेठांतली बिऱ्हाडे कोथरूड-सिंहगड रस्त्याकडे सरकली, आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून उरलेले गिऱ्हाईकही दारावरच्या भाजीवर भागवू लागले. मंडई थकली ती अशी. नुसती भिंतींना तडे गेले म्हणून नव्हे.

भिंतींचे दुखणे मात्र खरे आहे आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. काळ्या दगडाचे जुने बांधकाम चुन्यातले. दगडांमधल्या, चुन्याने भरलेल्या सांध्यांतून आत शिरलेली ओल बाहेरही पडते. त्यावर सिमेंट फासले की ती आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. भाजीवर दिवसभर पाणी मारणाऱ्या बाजारात तर ओल कायमचीच. म्हणून इथे चुना जाणणारे गवंडी हवेत, रंगाचे डबे नकोत.

सप्टेंबर २०२४ पासून मंडईपाशी भुयारी मेट्रो थांबते. पार्किंगपायी तुटलेले गिऱ्हाईक परत यायची वाट त्यामुळे उघडली आहे. पण ते येईल ताज्या मेथीसाठी, मापात न मारणाऱ्या ओळखीच्या मावशीसाठी. तेव्हा दुरुस्ती टप्प्याटप्प्याने, इमारतीचा एकेक भाग घेऊन करावी. गाळेधारकांना तोवर आवारातच बसवावे आणि काम झाल्यावर ज्याचा गाळा त्यालाच परत मिळेल, हे आधी लेखी द्यावे.