उच्च रक्तदाब

वाहते रक्त रोहिण्यांच्या भित्तींवर जो दाब देते, तो सतत प्रमाणाबाहेर राहण्याची अवस्था. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा (प्रकुंचनीय) आणि शिथिल होते तेव्हाचा (प्रसरणीय) असे दोन आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये नोंदवतात. बोलण्यात ते ‘वरचा’ आणि ‘खालचा’. ‘त्यांना बीपी आहे’ असे मराठीत म्हटले की उच्च रक्तदाबच अभिप्रेत असतो. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब 140/90 किंवा त्याहून अधिक आढळल्यास भारतात सामान्यतः निदान करतात. घरी मोजलेल्या दाबासाठी ही मर्यादा 135/85 धरतात.

मर्यादेचा वाद : 140/90 ही रेषा निसर्गात आखलेली नाही. 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये यावर दीर्घ वाद झाला. रॉबर्ट प्लॅट यांच्या मते उच्च रक्तदाब हा एका जनुकामुळे होणारा वेगळा रोग असून निरोगी आणि रुग्ण असे समाजाचे दोन गट पाडता येतात. जॉर्ज पिकरिंग यांनी लोकांचे मोजलेले दाब मांडून दाखवले, की असे दोन गट कोठेही वेगळे होत नाहीत. उंचीप्रमाणे दाबही सलग वाढत जातो आणि फरक आहे तो केवळ प्रमाणाचा. पुढील संशोधन पिकरिंग यांच्या बाजूचे आहे. रक्तदाबावर थोडाथोडा परिणाम करणारी हजाराहून अधिक जनुकीय स्थाने आता ज्ञात आहेत. सुमारे दहा लाख प्रौढांच्या एकत्रित अभ्यासात (2002) असे दिसले, की 40 ते 69 या वयात 115/75 च्या पुढे वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने वाढला की पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. रेषेच्या अलीकडे धोका नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मर्यादा 130/80 वर आणली. भारतातील सार्वजनिक कार्यक्रमांनी 140/90 कायम ठेवली. उपचार मिळण्याचीच वानवा असलेल्या समाजासाठी दुसरी भूमिका अधिक व्यवहार्य वाटते.

शोध : रक्तदाबाचे पहिले प्रत्यक्ष मापन स्टीफन हेल्झ यांनी घोडीच्या रोहिणीत नळी बसवून केले, ते 1733 मध्ये प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाच्या विकाराशिवायही दाब वाढतो हे प्रथम कोणी ओळखले, याविषयी मतभेद आहेत. हे श्रेय बहुधा क्लिफर्ड ऑलबट यांना दिले जाई. मात्र त्यांच्या सुमारे दोन दशके आधी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर महोमेद (1849–84) यांनी नाडीलेखकाच्या (नाडीच्या ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने अशा व्यक्तींचे वर्णन केले होते, आणि त्यांचा अग्रक्रम मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या शेख दीन महोमेद यांचे ते नातू. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याने दाब मोजण्याची पद्धत रीव्हा-रोच्ची यांनी 1896 मध्ये दिली आणि 1905 मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून दोन्ही दाब ठरवले. पारा विषारी असल्याने पाऱ्याची उपकरणे आता मागे पडत आहेत.

कारणे : दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत एकच एक कारण दाखवता येत नाही. याला जुन्या ग्रंथांत ‘आवश्यक’ रक्तदाब म्हणत. या नावाने नुकसानही केले : अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्यासाठी वाढीव दाब शरीराला आवश्यकच असतो, तो उतरवू नये, असे मानणारे वैद्य विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. उरलेल्यांत मूत्रपिंडाचे विकार, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या गाठी, झोपेत श्वास अडकणे ही कारणे सापडतात. वेदनाशामक गोळ्या व स्टेरॉइडे यांनीही दाब वाढतो. घरगुती म्हणून निर्धास्तपणे घेतले जाणारे ज्येष्ठमध फार दिवस चालू ठेवल्यास शरीरात सोडियम साचते, पोटॅशियम घटते आणि दाब चढतो. रुग्णाला हे सहसा कोणी सांगत नाही.

सर्पगंधा : आधुनिक उपचारांच्या इतिहासात या वनस्पतीला विशेष स्थान आहे. चरकसंहितेत हे नाव आढळते; पण तेथील वनस्पती हीच, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. परंपरेत तिचा उपयोग सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर होता. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. रक्तदाब मोजताच येत नव्हता त्या काळी तो उतरवणारे औषध म्हणून ती ज्ञात होती, हे विधान सावधपणेच घ्यावे लागते. 1931 मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरील तिचा गुण नोंदवला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळांतील अल्कलॉइडे (वनस्पतींतील नत्रयुक्त द्रव्ये) वेगळी केली व त्यांपैकी एकाला दिल्लीचे युनानी वैद्य हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ नाव दिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरील आपले निष्कर्ष 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष इकडे वळले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत रेसरपीन हे मुख्य द्रव्य मिळाले. वकील यांना 1957 मध्ये वैद्यकसंशोधनासाठीचा अमेरिकेतील लास्कर पुरस्कार देण्यात आला. मोठ्या मात्रेत रेसरपीनने खिन्नता येते असे दिसल्यावर आणि अधिक सुसह्य औषधे आल्यावर त्याचा वापर ओसरला. सर्पगंधेचे चूर्ण आज स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

मापन : चुकीच्या मापनाने विनाकारण गोळी सुरू होते किंवा गरज असताना होत नाही, म्हणून हा भाग लहान समजू नये. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, लघवी करून आलेले. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको, मोजताना बोलणे नको. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वाढतो. दवाखान्यातच दाब चढणाऱ्या व्यक्ती पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी घरची नोंदवही अधिक विश्वासार्ह.

नियंत्रण : बहुतेकांना काहीही त्रास जाणवत नाही, डोके दुखले तरच बीपी, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मिठासाठी दिवसाला पाच ग्रॅमची, म्हणजे सपाट चमचाभराची, मर्यादा सांगितली आहे. भाजीतले मीठ कमी केले तरी लोणचे, पापड, फरसाण आणि पाव यांतले राहतेच. सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेल्या मिठाने पक्षाघात घटतात, हे चीनच्या 600 खेड्यांतील चाचणीत (2021) दिसले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. वजन उतरवणे, रोजचे चालणे, मद्य व तंबाखू सोडणे यांचा लाभ निश्चित आहे.

औषधांत अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन व त्यांच्या वर्गातील इतर, आणि मूत्रल (लघवी वाढवणारी) ही मुख्य होत. गरोदरपणात टेल्मिसार्टनसारखी औषधे वर्ज्य आहेत. दाब उतरला म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत नेहमीची चूक. तो उतरलेला असतो तो गोळीमुळे. दाब 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे वा अंगाची एक बाजू लुळी पडणे असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रसार : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) 15 वर्षांवरील सुमारे 24 टक्के पुरुषांत आणि 21 टक्के स्त्रियांत दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होते. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक औषधक्रम आणि महिनाभराच्या गोळ्या एकदम देणे हा त्याचा गाभा आहे.