भांडवलशाही आणि उपासमार

उत्पादनाची साधने खाजगी मालकीची, उत्पादन नफ्यासाठी आणि वाटप मुख्यतः बाजारभावाने, अशा व्यवस्थेत, म्हणजे भांडवलशाहीत, दारिद्र्य आणि भूक संपू शकते का, हा अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. दारिद्र्य आणि भूक जोडीने बोलली जातात खरी, पण बाजाराचा त्या दोन्हींवरचा परिणाम सारखा नाही.

दारिद्र्याच्या बाबतीत बाजाराची बाजू भक्कम आहे. जागतिक बँकेच्या निकषानुसार १९९० मध्ये जगातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक आत्यंतिक दारिद्र्यात होते. २०१९ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. तेथील आनह्वेई प्रांतातल्या श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी १९७८ मध्ये गुपचूप एक करार केला: सामूहिक शेती कुटुंबांत वाटून घ्यायची, सरकारचा हिस्सा भरायचा, उरलेले धान्य ज्याचे त्याने ठेवायचे. कोणी तुरुंगात गेलाच तर त्याची मुले बाकीच्यांनी सांभाळायची, हेही त्यात होते. पुढे सरकारने हीच पद्धत देशभर स्वीकारली. मात्र जमिनीची मालकी सामूहिकच राहिली आणि साक्षरता व प्राथमिक आरोग्याचा पाया आधीच घातला गेला होता. त्यामुळे चीनच्या यशावर बाजाराचे समर्थक आणि टीकाकार दोघेही हक्क सांगतात, आणि दोघांचेही थोडेथोडे खरे आहे.

भुकेची गोष्ट वेगळी. बाजाराला मागणी दिसते ती पैशाच्या रूपात. रिकाम्या खिशाची भूक त्याच्या हिशेबात येत नाही. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि गरिबांचे मुख्य अन्न गेले. ओट, लोणी, जनावरे मात्र बंदरांतून इंग्लंडला जातच राहिली, कारण भाव तिथे मिळत होता. व्यापारात ढवळाढवळ नको, या मताचा तेथे राज्य करणाऱ्या ब्रिटिश सरकारवर मोठा पगडा होता. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपगृहांतून रोज सुमारे तीस लाख लोकांना अन्न मिळू लागले. ही सोय काही महिन्यांतच गुंडाळली गेली. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. दुष्काळात अन्न नसतेच असे नाही, ते मिळवण्याची ऐपत किंवा हक्क नसतो, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडले.

यावरून बाजार मोडला की भूक मिटते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. युक्रेन (१९३२-३३) आणि चीन (१९५९-६१) येथील भयंकर दुष्काळ बाजार जवळजवळ बंद असतानाच पडले. गावे उपाशी असताना सरकार धान्य उचलत होते, आणि ते जाहीरपणे सांगणारे वृत्तपत्र नव्हते.

आज जगात माणशी वर्षाला ३०० किलोहून अधिक तृणधान्य पिकते. त्यातले बरेच पशुखाद्यात जाते. अमेरिकेतील मक्याचा तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग इथेनॉलसाठी वापरला जातो. तरीही २०२३ मध्ये सुमारे ७० कोटी लोक उपाशी किंवा अर्धपोटी होते. युद्धग्रस्त भागांत तर अनेकदा बाजारच नीट चालत नाही.

ब्राझीलचा अनुभव या संदर्भात विशेष बोलका आहे. खाजगी शेती आणि निर्यात कायम ठेवून तेथे २००३ पासून गरीब कुटुंबांना थेट रोख मदत मोठ्या प्रमाणावर मिळू लागली, किमान वेतन वाढले, शाळांतील जेवणाची जुनी योजना वाढवली गेली. २०१४ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांच्या भूक नकाशातून, म्हणजे व्यापक उपासमार असलेल्या देशांच्या यादीतून, बाहेर पडला. पुढे मंदी, खर्चकपात आणि महामारी आली आणि तो पुन्हा नकाशावर आला; सोयाबीनच्या जागतिक निर्यातीत तो तेव्हाही आघाडीवरच होता. मदत योजना २०२३ मध्ये पूर्ववत झाल्या, आणि २०२५ मध्ये ब्राझीलचे नाव नकाशावरून पुन्हा निघाले.