कुंकू काळं, आभाळ कोरं

गोव्यातल्या जुन्या फोटोंत कुंकू काळं असतं, आभाळ कोरं पांढरं आणि जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत कोळसा फासल्यासारखी. कृष्णधवल फोटो असाच असायचा, असं आपण धरून चालतो. खरी करामत काचेच्या प्लेटवरच्या रसायनाची.

हे रसायन म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड, चांदीचा एक क्षार. तो मुळात निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतो. तांबडा त्याच्या गावीही नसतो. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वाड्यातलं निळं घर अशा प्लेटवरून काढलेल्या फोटोत जवळजवळ पांढरं उमटणार आणि शेजारचं पिवळंधमक घर काळपट. डोळ्यांना दिसतं त्याच्या नेमकं उलट! 1873 साली जर्मन रसायनतज्ज्ञ हेर्मान फोगेल यांनी इमल्शनमध्ये, म्हणजे प्लेटवर चढवायच्या प्रकाश टिपणाऱ्या लेपात, रंगद्रव्य मिसळून प्लेटची नजर हिरव्या-पिवळ्यापर्यंत पोचवली. तांबडाही टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला मात्र 1906 साल उजाडलं.

हौशी माणसाच्या हाती कॅमेरा आला तोही रसायनामुळेच. 1851 च्या कलोडियन पद्धतीत, म्हणजे कलोडियन नावाचा चिकट द्राव काचेवर पसरून केलेली प्लेट ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे, म्हणजे डार्करूम बरोबर वागवणं आलं. 1871 साली इंग्रज डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या सुक्या प्लेटची वाट दाखवली. पुढे इमल्शन तापवून मुरवण्याची युक्ती सापडली आणि उन्हात सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला कोण ‘हलू नका’ म्हणून सांगणार होतं? आता त्याची गरज उरली नाही.

फक्त जिलेटिनला आपली हवा सोसत नाही. प्लेट धुवायला साधारण 20 अंशांचं पाणी बरं. इथलं पाणी त्याहून कोमट. जिलेटिन फुगतं, कडांनी काचेवरून सुटायला लागतं. त्यावर उतारा तुरटीचा, ती जिलेटिन घट्ट करते. पावसाळ्यात बुरशीचा ताप वेगळाच: जिलेटिन हाडाकातड्यातलं प्रथिन, बुरशीला मेजवानीच. घरच्या अल्बममध्ये पावसाळा सापडला नाही तर नवल वाटायला नको.

आणि काळं कुंकू दिसलं की फोटो एकोणिसाव्या शतकातला, असंही ठरवू नये. कोडॅकची व्हेरिक्रोम ही तांबडा न ओळखणारी रोल फिल्म 1931 पासून 1956 पर्यंत विकली जात होती. उलट कुंकू मध्यम करडं असेल, तर फोटो बहुधा 1906 नंतरचा. स्टुडिओवाल्यानं ब्रश फिरवला नसेल तर.