घाटाचा चढ आणि मुरगावची मालगाडी

कर्नाटकातल्या घाटमाथ्यावरील कॅसल रॉककडे निघालेल्या मालगाडीला गोव्यात, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कुळे स्थानकात मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडली जातात. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांजवळ मात्र तापलेल्या ब्रेकचा करपट वास बराच वेळ रेंगाळतो. या दोन स्थानकांमधल्या सुमारे 26 किलोमीटरच्या घाटात 37 मीटर अंतराला 1 मीटर इतका तीव्र चढ आहे. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो. पण पोलादी रुळावर पोलादी चाक इतक्या सहज फिरते, की सपाटीवर हजार टनांची गाडी संथपणे चालती ठेवायला साधारण दोन टन वजनाइतका जोर पुरतो, आणि याच चढावर गुरुत्वाकर्षणामुळे त्यात आणखी 27 टनांची भर पडते.

हा मार्ग आखला गेला तेव्हा घाटमाथ्यावरचा माल गोव्याच्या मुरगाव बंदरात आणायचा होता, म्हणजे भरलेली गाडी उतारालाच होती. त्यासाठी 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांनी करार केला आणि 1888 मध्ये लोहमार्ग सरहद्दीला भिडला. बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये मिळाले, परंतु गोव्यातील मीठ उत्पादनाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला. गाडी ज्यांच्या फारशा उपयोगाची नव्हती, त्या मिठागरातल्या माणसांनी तिची किंमत मोजली, हे मला या इतिहासातले सर्वांत बोचरे पान वाटते.

हळूहळू बंदराच्या आधाराने वास्को वाढले आणि घाटापलीकडे नोकरीधंद्याला जाणे सोपे झाले. 1955 मध्ये भारताने नाकेबंदी केल्यावर ही वाहतूक थांबली, ती मुक्तीनंतर सुरू झाली. तरीही मुंबईच्या प्रवाशाला, वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांमुळे, अनेक वर्षे मिरजेला सामान उतरवून गाडी बदलावी लागे. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर सरळ किनाऱ्याने जाता येऊ लागले.

मालाची दिशा मात्र आता उलटली आहे. कर्नाटकातल्या बळ्ळारी-होसपेटचे लोहखनिज उतारानेच बंदरात येत असे. आज बाहेरून आलेला कोळसा तिकडच्या पोलाद कारखान्यांसाठी तोच घाट चढतो. म्हणजे ज्या दिशेला सर्वाधिक शक्ती लागते, त्याच दिशेला भरलेले डबे जातात. कोळशाची ही वाहतूक वाढेल म्हणून मार्ग दुपदरी करण्याच्या विरोधात नोव्हेंबर 2020 मध्ये गोव्यातल्या चांदर गावी हजारो लोक रात्री रुळांवर उतरले होते, आणि वास्कोतल्या घरांत आजही सकाळी पडवीवरची कोळशाची काळी पूड ओल्या फडक्याने पुसावी लागते.