लेकराकडे परदेशी जाताय? शनिवार-रविवारचा बेत इथूनच करून निघा

सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, दुबई, मस्कत. मराठवाड्यातली कितीतरी पोरं-पोरी आता या शहरांत नोकरीला आहेत आणि आमच्या काउंटरवर त्यांचे आई-वडील तिकिटाची चौकशी करायला येतात. हे पत्रक त्यांच्यासाठी. तिकीट आणि व्हिसा ही आमची कामं आहेतच, पण तिकडे गेल्यावर दिवस कसे घालवायचे याचा विचार निघण्याआधी झालेला बरा.

सोमवार ते शुक्रवार मुलगा-सून कामावर असतात. घर वरच्या कुठल्यातरी मजल्यावर, शेजारी ओळखीचे नाहीत, ओटा-पडवी नाही, संध्याकाळी टेकायला पार नाही. लेकरासोबत निवांत बसायला मिळतं ते फक्त सुट्टीत. ती सुट्टी किराणा, धुणं आणि मॉल यात संपते, नाहीतर “एवढ्या लांब आलात तर सगळंच दाखवतो” म्हणून दोन दिवसांत चार गावं पळवली जातात. दोन्हींत आई-वडील दमतात आणि लेकरूही दमतं. आमचा सल्ला असा: एका सुट्टीत एकच गाव आणि तिथेच दोन मुक्काम. शुक्रवारी संध्याकाळी निघा, शनिवार पूर्ण मोकळा ठेवा, रविवारी जेवण करून परत फिरा. पाहायचं थोडं राहिलं तरी चालेल.

सुट्टीचे वारही सगळीकडे सारखे नाहीत. संयुक्त अरब अमिरातीने 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी धरली आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस केल्या. ओमान, कतार, कुवेत, सौदीमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. म्हणून बेत करताना आधी मुलाला त्याच्या सुट्टीचे वार विचारा.

पुन्हा आत येण्याची परवानगी

सहलीतली सर्वांत मोठी अडचण इथे येते. सिंगापूरहून बोटीने इंडोनेशियाच्या बाताम किंवा बिंतान बेटावर जायला साधारण तासभर लागतो. अंतर इतकं कमी की देश ओलांडल्यासारखं वाटतच नाही. पण कागदोपत्री तुम्ही सिंगापूर सोडलेलं असतं. परत येताना तुमचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा, म्हणजे मल्टिपल एंट्रीचा, हवा. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्डही दर वेळी नव्याने भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. बाताम-बिंतानला उतरल्यावर भारतीय पासपोर्टवर 30 दिवसांचा इंडोनेशियाचा व्हिसा मिळतो, त्याची फी 5 लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, त्यांच्या चलनात शून्यं जास्त असतात.

दुबईलाही हाच प्रश्न येतो. तिथून ओमानच्या मुसंदमला, खडकाळ डोंगरांमधल्या समुद्रात बोटीतून डॉल्फिन बघायला लोक जातात. मुलाकडे तिथला रहिवासी परवाना असतो, त्यामुळे त्याला परत यायला काही अडत नाही आणि त्याच्या ध्यानातही राहत नाही की आई-वडिलांचा व्हिसा सिंगल एंट्रीचा आहे. सीमा ओलांडली की तो व्हिसा संपला. असा बेत असेल तर व्हिसाचा अर्ज भरतानाच आम्हाला सांगा.

मलेशियाने भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे आणि ही सवलत 2026 अखेरपर्यंत वाढवलेली आहे. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावंच लागतं. थायलंडनेही मे 2025 पासून असंच कार्ड सुरू केलं. हे नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात आमच्याकडून एकदा खात्री करून घ्या.

पासपोर्टबद्दल दोन गोष्टी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे देश सोडण्याआधी तपासणी आवश्यक, असा शेरा असतो, तो पाहून पुष्कळ माउल्या घाबरतात. तो शेरा नोकरीसाठी जाणाऱ्यांकरता आहे. पर्यटक व्हिसावर लेकराला भेटायला जाणाऱ्यांना त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही, परतीचं तिकीट तेवढं जवळ ठेवा. दुसरं, पासपोर्टवर आडनाव नसून नुसतं एकच नाव असेल तर अमिरातीच्या पर्यटक व्हिसाला अडचण येते. जुन्या पिढीतल्या बायकांच्या कागदपत्रांत हे आढळतं. अशा वेळी आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, तिकीट नंतर काढू.

डब्यातली खसखस

हे मोठ्या अक्षरात छापावं असं आम्हाला वाटतं. सिंगापूर, अमिराती, सौदी आणि कतारमध्ये खसखशीवर बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातून येते, म्हणून तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. आपल्याकडे ती अनारशावर असते, करंजीच्या सारणात असते, डिंकाच्या लाडवात असते, कुणी काळ्या मसाल्यातही भाजून घालतं. दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या आयांनी फराळ जरूर न्यावा, लेकरं वर्षभर त्याची वाट बघत असतात, पण खसखशीचा एक दाणाही त्यात नको. अनारसे तिळावर थापा. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, खसखस न घातलेला काळा मसाला खुशाल न्या. सुटी पूड पिशवीत बांधून नेण्यापेक्षा वर नाव लिहिलेल्या सीलबंद पाकिटात नेलेली बरी.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांवर या देशांत कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि ती आम्हाला दाखवा.

कुठे जावं

सिंगापूरहून आमची पहिली पसंती मलाक्का. बसने साधारण चार तास लागतात. वाटेत दोन वेळा सामानासकट उतरून रांगेत उभं राहावं लागतं, एकदा सिंगापूर सोडताना आणि एकदा मलेशियात शिरताना. शुक्रवारी संध्याकाळी आणि जोडून सुट्ट्या आल्या की सीमेवरच्या वुडलँड्सच्या पुलावर तासन् तास खोळंबा होतो. त्यामुळे मलाक्कापुरता आमचा शुक्रवार संध्याकाळचा सल्ला लागू नाही. शनिवारी पहाटे निघा आणि मुलाला सोमवारची रजा टाकायला सांगा.

गाव नदीकाठी आहे आणि पायी फिरता येतं. 1511 मध्ये पोर्तुगीजांनी ते घेतलं, 1641 मध्ये डचांनी त्यांच्याकडून घेतलं, पुढे इंग्रज आले. पोर्तुगीज किल्ल्याची एक वेस उरली आहे, डचांची लाल कचेरी अजून उभी आहे. 2008 मध्ये मलेशियातल्याच जॉर्ज टाउन शहरासोबत या गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या मंडळींना जे मनापासून भावेल ते मात्र एका गल्लीत आहे: श्री पोय्याता विनायगर मूर्ती हे 1781 चं गणपतीचं मंदिर. जवळच जुनी मशीद आणि चिनी मंदिर. हे मंदिर चिट्टी समाजाचं. शेकडो वर्षांपूर्वी तमिळ देशातून आलेल्या व्यापाऱ्यांचे हे वंशज घरात मलय बोलतात आणि देव आपलेच पूजतात. तिथे गणपतीसमोर दोन घटका बसा, घाई करू नका. दुपारी उन्हात फिरू नका. सेंट पॉलच्या टेकडीला पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर ती सोडून द्या. जाँकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार असतो.

मुलगा दुबई किंवा अबुधाबीत असेल तर अल ऐन. दुबईहून गाडीने दीड तास. उंच इमारती इथे नाहीत, खजुराच्या बागा आहेत, आणि त्यांना पाणी मिळतं ते फलज नावाच्या पाटांतून. काही पाट जमिनीखालून येतात. हे पाणी पूर्वापार वेळेच्या हिशोबाने, पाळीपाळीने वाटलं जातं. पाणीपाळीसाठी रात्र जागवलेल्या शेतकऱ्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. ज्यांनी संभाजीनगरात पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर पाहिली आहे, त्यांचीही तिथे चांगली करमणूक होईल. वडिलांना सकाळी त्या बागेत सावलीने फिरू द्या, संध्याकाळी जबल हफीतच्या माथ्यापर्यंत गाडीने जा. मुलगा मस्कतला असेल तर अशीच पाटांची व्यवस्था निझवाला आहे. ओमानच्या या फलजांना 2006 मध्ये जागतिक वारसा मानलं गेलं. आखातात हे सगळं नोव्हेंबर ते मार्चमध्येच. जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर ओमानच्या सलालाला जा, तिथे त्या दिवसांत झिमझिम आणि धुकं असतं.

बँकॉककरांसाठी अयुथया, सुमारे 80 किलोमीटर, रेल्वेने जा. 1767 मध्ये उद्ध्वस्त झालेली जुनी राजधानी. वेरूळ-अजिंठ्याच्या अंगणात वाढलेल्यांना दगड-विटांचे अवशेष बघायची सवय असते, त्यामुळे हे गाव आवडतंच. झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धशिराजवळ फोटो काढताना खाली बसा, उभं राहणं तिथे अपमान मानतात.

जेवणाचं. माळकरी मंडळींनी थायलंडमध्ये ‘जे’ अशी पिवळी-लाल पाटी शोधावी. तिथे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. एरवी भाजीतही नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस घालतात. मलेशियात चटणीत बेलाचान म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, म्हणून “नुसती भाजी” असं सांगून भागत नाही.

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूरकडच्यांनी मुंबईचाच आग्रह धरू नये. हैदराबाद जवळ पडतं आणि तिथून सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर, दुबईला थेट विमानं आहेत. संभाजीनगर-जालन्याकडच्यांना मुंबई सोयीची.

निघण्याच्या दोन महिने आधी या. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा हवा. सोबत मुलाचा तिथला पत्ता, त्याच्या परवान्याची प्रत आणि त्याच्या सुट्ट्यांची यादी आणा. गुडघे, बीपी, शुगर, बोट लागणं, जे काही असेल ते मोकळेपणाने सांगा. बोटीने पाठवायचं की बसने, जिन्याचं हॉटेल की लिफ्टचं, हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.